पैसे मागायचे कुणाकडे?

लेखाचे पैसे दुपारी यायचे. पोस्टमन दाराशी सायकल लावायचा, खाकी पिशवीतून मनिऑर्डरचा फॉर्म काढायचा आणि सही करायची त्या जागेवर बोट ठेवायचा. घरातली मुलं भोवती गोळा व्हायची. नोटा मोजून हातात पडल्या की फॉर्मच्या खालचा कुपनाचा तुकडा फाडून मिळे. त्यावर संपादकांच्या किंवा त्यांच्या कार्यालयातल्या कुणाच्या तरी हस्ताक्षरात दोन ओळी असत. अमुक अंकातल्या कथेचं मानधन, पुढच्या अंकासाठीही लिहावं, असं काहीतरी. पैसे संध्याकाळपर्यंत किराण्यात जायचे, कुपन मात्र वर्षानुवर्षं डायरीत राहायचं. आणि आपली सही पोचपावतीच्या तुकड्यावरून पुन्हा संपादकांकडे जायची. पैसे कुणी पाठवले हे आपल्याला कळायचं, कुणाच्या हातात पडले हे त्यांना कळायचं.

आता पैसे आले की फोन एकदा थरथरतो. बँकेचा मेसेज असतो, रक्कम असते, तिच्यापुढे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ असते. टीडीएस कापून उरलेली ही रक्कम कोणत्या कामाची, ते त्या ओळीवरून कळत नाही. बिलांची यादी काढून ताळा जमवावा लागतो. हस्ताक्षर नसतं, निरोप नसतो. आले एकदाचे, म्हणून हायसं वाटतं आणि आपण पुढच्या थकलेल्या बिलाकडे वळतो.

१९७० आणि ८० च्या दशकांत फुलस्केप कागदाला समास पाडून, खाली कार्बन ठेवून लिहू लागलेले आम्ही. आज आमच्यातले बरेच जण कंपन्यांचे अहवाल मराठीत आणतात, मालिकांची सबटायटल्स करतात, रुग्णालयांची माहितीपत्रकं आणि बँकांच्या ॲपमधल्या सूचना लिहितात. काम पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि दरही बरे आहेत. तरी दोन लेखक भेटले की तासाभरात विषय थकलेल्या पैशांवर येतो, आणि तिथून हटकून जुन्या दिवसांवर जातो.

पूर्वी सगळे वेळेवर पैसे द्यायचे असं आमच्यापैकी कुणी सांगू लागलं, तर त्यावर विश्वास ठेवू नये. कवितेला अंकाची प्रत मिळाली तरी खूप झालं, असं कवी मानायचे. लेखाआधी दर विचारणारा विरळाच, आणि विचारलाच तर 'हा पैशासाठी लिहितो' ही कुजबुज त्याच्यामागे वर्षानुवर्षं राहायची. मनिऑर्डर सगळ्यांना मिळत नव्हती. ज्यांना मिळायची ते तिची आठवण सांगतात, न मिळालेल्यांनी लिहिणंच सोडलं. त्यामुळे त्यांच्या आठवणी आपल्यापर्यंत आलेल्या नाहीत. बायकांची गत आणखी वेगळी. नाव तिचं, कथा तिची, पण दुपारी दाराशी सही करून पैसे घेणारा घरातला दुसराच कुणी असायचा, आणि पोस्टमनलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

दिवाळी अंकांचा तर सगळा व्यवहारच उधारीवर उभा होता. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा वार्षिक उत्सव मराठीत रुजला, आणि त्याच्याबरोबर एक वेळापत्रकही रुजलं. संपादकांचं पत्र उन्हाळा सरताना यायचं. मजकूर गणपतीपर्यंत द्यायचा. अंक दिवाळीला हातात पडायचा. मग जाहिरातींची बिलं वसूल होईपर्यंत संक्रांत जायची, कधी होळीही जायची. जाहिरातदाराने थकवलं की मालकाचे पैसे थकायचे, मालकाचे थकले की लेखकाचे. एखादा अंक दोन-तीन वर्षं थाटात निघायचा आणि चौथ्या वर्षी कार्यालयाच्या दाराला कुलूप दिसायचं. त्या कुलपाआड किती जणांचं मानधन राहिलं, त्याची नोंद कुठल्याच वाङ्मयाच्या इतिहासात नाही.

पण त्या उशिरातही एक रीत होती. लेख मिळाला की पोचेचं कार्ड यायचं. स्वीकारला की दुसरं कार्ड. नाकारला तर आपणच पाठवलेल्या तिकीट लावलेल्या पाकिटातून हस्तलिखित 'साभार परत' यायचं, आणि निदान तो लेख दुसरीकडे पाठवायला आपण मोकळे व्हायचो. पैसे लांबले तर पुष्कळदा संपादकच लिहायचे, की यंदा जाहिराती बसल्या नाहीत, थोडं सांभाळून घ्या. त्या कार्डावर विजेचं बिल भरता येत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. गोड बोलून पैसे बुडवण्याची ती एक पद्धतही होती, आणि काहींनी ती आयुष्यभर वापरली. तरीही कार्ड लिहिणाऱ्या माणसाला आपलं देणं आहे हे माहीत होतं, आणि ते माहीत आहे हे तो सहीनिशी कबूल करत होता.

आज आपण काम पाठवतो तेव्हा 'रिसीव्ह्ड, थँक्स' एवढं उत्तर मिनिटभरात येतं. पैशांबद्दल विचारलं की मात्र ते दोन शब्दही येत नाहीत. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचलं गेलं. त्यानंतर काही नाही. पूर्वी टपालात गहाळ झालं असेल अशी समजूत तरी घालता यायची. आता समोरच्याने आपलं मागणं पाहिलं आणि फोन खाली ठेवला, हे वेळेसकट दिसतं.

यात बदललंय काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माणसं अधिक लबाड झाली असं मला वाटत नाही. बदल झाला तो कामाच्या साखळीत. सदाशिव पेठेतल्या किंवा गिरगावातल्या एखाद्या मासिकाच्या कार्यालयात लेख मागणारा, वाचणारा आणि पैसे देणारा बहुतेक वेळा एकच माणूस असे. फार तर पलीकडच्या टेबलावर हिशेबनीस बसलेले असत, आणि संपादकांनी मान हलवली की ते व्हाउचर पुढे सरकवत. आज मूळ काम एखाद्या मोठ्या कंपनीचं असतं. ती ते बंगळुरूच्या किंवा परदेशातल्या एजन्सीला देते. ती एजन्सी दुसऱ्या छोट्या एजन्सीला देते, आणि तिथला पंचविशीतला प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आपल्याला रात्री दहा वाजता 'अर्जंट आहे, प्लीज' म्हणून फाइल पाठवतो. काम त्याला आवडतं, तो मनापासून आभार मानतो. पैसे देणं मात्र त्याच्या हातात नसतं. 'फायनान्सला फॉरवर्ड केलंय' म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. फायनान्समधल्या माणसाने आपलं वाक्य कधी वाचलेलं नसतं आणि वाचणारही नसतो. सहा महिन्यांनी कोऑर्डिनेटर नोकरी बदलतो, त्याचा ईमेल बंद होतो, आणि आपण कोणत्या कामाचे पैसे मागतोय हे कंपनीत कुणालाच आठवत नाही. जुने संपादक पैसे बुडवायचे तेव्हा निदान कुणी बुडवले ते कळायचं. आता पैसे बुडतात आणि बुडवणारा कुणीच नसतो.

अशा साखळीपासून स्वतःला वाचवायचं तर कागद हवा. जुन्या काळी असा कागद आम्हाला एकाच ठिकाणी मिळायचा, आकाशवाणीवर. भाषण ठरलं की आधी करारपत्र यायचं. त्यात विषय, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि मानधनाची रक्कम टाइप केलेली असायची. ते सही करून परत पाठवायचं. पैसे घेताना रेव्हेन्यू स्टँप चिकटवून त्याच्यावरून आडवी सही करायची, अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर. रक्कम मोठी नसायची, पण ती आधी माहीत असायची आणि ठरली तेवढीच मिळायची. एवढं एक उदाहरण समोर असूनही 'तसंच पत्र तुम्हीही द्या' असं मासिकांना सांगायचं आमच्या मनात आलं नाही. संपादक ओळखीचे होते, त्यांच्या घरी चहा घेतलेला होता, आणि ओळखीत कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं सगळेच मानत होते. त्या ओळखीची मला आजही ओढ आहे. त्याच ओळखीच्या जोरावर आमचे हक्कही गेले, हेही खरं. अनुवाद आणि मुलांची पुस्तकं एकरकमी विकली जायची. पुढच्या आवृत्त्या निघाल्या तरी लिहिणाऱ्याला त्या दुकानाच्या काचेतच दिसायच्या.

कायदा त्याही वेळी होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेला लेखक आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, मुदत लिहिलेली नसेल तर तो हक्क पाच वर्षांपुरताच धरला जातो. हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. आजची मुलं ते वापरतात. 'पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील' एवढी ओळ त्यांच्या कोटेशनमध्ये असते. पैसे न देता मजकूर छापणाऱ्याशी बोलताना त्या एका ओळीचं वजन पडतं, कारण आता वाद नुसत्या उधारीचा राहत नाही.

चेकचा काळ मध्येच येऊन गेला, आणि त्याची आठवण मला वेगळ्या कारणाने येते. मुंबईचा चेक साताऱ्याच्या बँकेत भरला की 'बाहेरगावचा' म्हणून आठवडेच्या आठवडे अडकायचा, आणि छोट्या रकमेतून वटणावळ कापली जायची, ती जिवाला लागायची. खिडकीवर स्लिप भरायची, शिक्का मारलेलं अर्धुक जपायचं, पासबुक भरून घ्यायला पुन्हा जायचं. त्या रांगांसाठी मी हळहळत नाही. पण १९८९ पासून न वटलेला चेक हा गुन्हा ठरला. आजच्या नियमाने बँकेचा शेरा मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, समोरच्याला पैसे भरायला पंधरा दिवस, नाही भरले तर त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. हातात पुढच्या तारखेचा चेक असला की देणेकरी आपणहून फोन करायचा. 'उद्या ट्रान्सफर करतो' या आजच्या शब्दामागे तसं काहीच नाही. पैसे सेकंदात पोचवण्याची सोय आली आणि देणेकऱ्याला बांधणारा कागद आपल्या हातून निघून गेला.

त्याऐवजी दुसरे कागद आले आहेत, आणि आमच्या वयाच्या लोकांनी ते शिकून घेतलेच पाहिजेत. स्वतंत्रपणे लेखन किंवा अनुवादाची सेवा देणाऱ्याला २०२० पासून सुरू झालेल्या 'उद्यम' पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून विनाशुल्क नोंदणी करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृताचे पैसे, लेखी मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. म्हणजे 'आमच्याकडे नव्वद दिवसांची पॉलिसी आहे' हे एजन्सीचं उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. तरीही नाही मिळाले तर राज्याच्या सुकरता परिषदेकडे ऑनलाइन दाद मागता येते. परिषदेच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायचं असेल तर देणेकऱ्याला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यात एक कलम घातलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करातून वजा दाखवता येत नाही. वर्षानुवर्षं फोन न उचलणारी फायनान्सची माणसं या कलमानंतर मार्च महिन्यात स्वतःहून बिलं शोधू लागली आहेत. नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. नंतर केलेल्या नोंदणीवर वाद घालायला वकिलांना वाव मिळतो. परिषदेत प्रकरण रेंगाळतंही. पण आमच्या वेळी रेंगाळायला प्रकरणच नव्हतं.

लेखकाला उपयोगी पडलेली आणखी एक गोष्ट मी तरुण सहकाऱ्यांकडून शिकलो. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर आपलं २६-एएस पत्रक उघडून पाहायचं. पुष्कळदा कंपनीने आपल्या नावावर टीडीएस भरलेला असतो आणि उरलेले नव्वद टक्के दिलेले नसतात. आपलं बिल मान्य आहे, हे तिने सरकारला आधीच सांगितलेलं असतं. तो पुरावा जोडून केलेल्या ईमेलला उत्तर येतं. वसुलीचा दावा लावायला सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, आणि देणं लेखी मान्य केल्याच्या तारखेपासून ती नव्याने मोजली जाते. म्हणून कोऑर्डिनेटरचं 'सॉरी, नक्की करतो' हे उत्तर पुसून टाकू नये.

नोटीस पाठवायची रीतही पालटली. पूर्वी नोटीस म्हणजे रजिस्टर्ड ए.डी. पाठीला गुलाबी पोचकार्ड चिकटवलेलं, आणि ते सहीसकट परत आलं की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटायचं. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. १८८० पासून घरोघर पैसे पोचवणारी मनिऑर्डर तर त्याआधीच आमच्या दारातून दिसेनाशी झाली होती. विसाला एक रुपया कमिशन घ्यायची ती, आणि यूपीआयपुढे तिचा हिशेब जमणारही नव्हता. गावाकडच्या म्हाताऱ्या आईला आज मुलाचे पैसे त्याच क्षणी मिळतात. ती दोन दुपारी वाट पाहत नाही, याचा मला आनंद आहे.

नव्या लिहिणाऱ्यांच्या काही रीतीही मला मनापासून आवडतात. एखादी नवी एजन्सी काम देऊ लागली की या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, 'यांच्याबरोबर कुणाचा अनुभव आहे का?' कुणी जीएसटी क्रमांक तपासून देतं, कुणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी चालू आहे का ते पाहून सांगतं. चाचणीच्या नावाखाली पानंच्या पानं फुकट मागितली तर मुलं दोन परिच्छेदांवर थांबतात. पहिल्या कामाला अर्धी रक्कम आगाऊ घेतात, मोठं पुस्तक असेल तर प्रकरणागणिक बिल लावतात आणि मागचं बिल चुकेपर्यंत पुढचं प्रकरण पाठवत नाहीत. संमेलनाच्या मांडवामागे आम्हीही अमुक मालकापासून जपून राहा म्हणून एकमेकांच्या कानात सांगायचो. पण आम्ही पुरुष पुरुषांना सांगायचो, शहरातले शहरातल्यांना. लातूरहून पहिली कथा पाठवणाऱ्या मुलीला ते कळायचा मार्ग नव्हता. आज तिला ग्रुपवर पहिल्याच दिवशी कळतं.

या मुलांचे पैसे आमच्यापेक्षा कमी बुडतात. तरी त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं होतं, की तुमच्या वेळी संपादक पत्रात काय लिहायचे? डायरीतली कुपनं तिला दाखवली. एकावर रकमेखाली लिहिलेलं होतं, की शेवट बदललात ते बरं केलंत. ते वाचून ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या कामाचा शेवट कुणी वाचला की नाही हे तिला आजवर कधी कळलेलं नाही. पैसे मिळतात, तेही आता पंचेचाळीस दिवसांत मिळतात, पण ज्याने काम मागितलं त्याचं नाव तिला फक्त फाइलच्या मेलवर दिसतं.

माझं मागणं काम देणाऱ्या त्या कोऑर्डिनेटरकडेच आहे. पैसे तुमच्या हातात नसतील, पण तारीख विचारून घेणं तुमच्या हातात आहे. मजकूर कधी हवा ते ज्या मेलमध्ये लिहिता, त्याच मेलमध्ये बिल कुणाकडे पाठवायचं त्या माणसाचं नाव, पैसे कोणत्या तारखेला मिळतील आणि ती तारीख टळली तर तुमचा कोणता फोन नंबर लावायचा, एवढं लिहा. आणि नोकरी सोडाल त्या दिवशी, ज्यांची बिलं बाकी आहेत त्यांना तुमच्या जागी येणाऱ्याचं नाव कळवून मग जा.